सतरा चुकांचं घड्याळ

या गोष्टीवर आजवर कुणी विश्वास ठेवलेला नाही, आणि पुढं कुणी ठेवेल अशी आशाही नाही. तरी ती अक्षरन् अक्षर खरी आहे. फार तर एखादं अक्षर जरा फुगलं असेल. एका माणसानं एका घड्याळाची नक्कल करवून घेतली, यात नवल काही नाही, नकला रोज होतात. पण ज्याची नक्कल केली ते घड्याळ मुळातच नकली होतं. आणि त्या नकलीची नक्कल करायला जितकी अक्कल, जितके हात आणि जितके दिवस लागले, तितक्यात मूळ कंपनीनं दोन खरी घड्याळं केली असती आणि वर एक भिंतीवरचं फुकट दिलं असतं.

त्या माणसाला सगळे नापासराव म्हणत. बॉलबेअरिंगच्या कारखान्यात चौतीस वर्षं तपासनीस. पट्ट्यावरून पोलादी गोळ्या सरसर सरकत यायच्या आणि हे हात पाठीमागं बांधून बघत उभे. मधेच एक गोळी उचलायची, "नापास" म्हणायचं आणि लाल डब्यात टाकायची. मापाच्या खोलीत ती मोजली की केसाच्या विसाव्या भागाएवढी वाकडी निघायची. एकदा मापाच्या यंत्रानं त्यांची गोळी सरळ ठरवली, तर त्यांनी यंत्रालाच नापास केलं. यंत्र दुरुस्तीला गेलं आणि तिथं बिचाऱ्यानं कबुली दिली. नापासरावांचं लग्न झालं नाही. का, ते सांगायला नको.

निवृत्त झाल्यावर माणसं कुंड्यांना पाणी घालतात नाहीतर गुडघ्यांना तेल लावतात. नापासरावांनी खोटी घड्याळं जमवायला घेतली. तीही साधीसुधी नाहीत, हंसाची. बाराच्या आकड्याखाली सोनेरी हंस असलेलं ते घड्याळ खरं घ्यायचं तर माणसानं घर विकावं आणि मनगटावर घड्याळ मिरवत रस्त्यावर बसावं. त्यामुळं त्याच्या नकला जगभर. कुणी विचारलं की असला छंद कशाला, तर नापासराव म्हणायचे, "खऱ्या घड्याळात बघायचं काय? सगळं जागच्या जागी. खोट्यात माणूस दिसतो. कुठं त्याचा हात थकला, कुठं त्याला घाई झाली, कुठं त्याला वाटलं की आता एवढं कोण बघतंय." आणि भिंग डोळ्याला लावून म्हणायचे, "मी बघतोय."

असेच आणखी तिघे त्यांना मिळाले होते: एक दातांचे डॉक्टर, एक गाडी चालवायला शिकवणारे मास्तर आणि एक कपडे शिवणाऱ्या बाई. रविवारी सकाळी ही मंडळी डॉक्टरांच्या दवाखान्यात जमायची, कारण पेशंटच्या खुर्चीवरचा तो दिवा. त्या दिव्याखाली दाढेतलं भोक लपत नाही, तर घड्याळातलं काय लपणार. ट्रेमध्ये कापसावर घड्याळ निजवायचं, सगळ्यांनी आ वासून वाकायचं आणि नापासरावांनी चुका मोजायच्या. सेकंदकाटा खऱ्या हंसात पाण्यावरून सरकावा तसा सरकतो, खोट्यात ठेचकाळतो. ही एक चूक. तारखेवरचं भिंग कडेला सरकलेलं, ही दुसरी. अक्षराचा पाय जाड, तिसरी. घड्याळ विकायचं नाही, बाहेर कुणाला खरं म्हणून दाखवायचं नाही, हा मंडळाचा पहिला नियम.

दुसरा नियम जास्त कडक होता आणि तो नापासरावांनीच केला होता. पंधरा चुकांपर्यंत घड्याळ ज्याचं त्याच्याकडे. सोळावी निघाली की हातोडी. दातांचे साचे फोडायची छोटी हातोडी डॉक्टर शेजारीच ठेवायचे. पहिला घाव चेनच्या लॉकवर, म्हणजे ते पुन्हा कुणाच्या मनगटावर चढायला नको, दुसरा तबकडीवर. "इतकी वाईट नक्कल जगात मोकळी फिरली तर चांगल्या नकलांची अब्रू जाते," असं नापासरावांचं म्हणणं. त्या हातोडीखाली आजवर नऊ घड्याळं गेली होती आणि एकाही वेळी त्यांची पापणी लवली नव्हती.

अशा माणसानं आयुष्यात एकच वस्तू पास केली होती.

सव्वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. नापासरावांची थोरली बहीण, अक्का, दवाखान्यात नर्स होती. दाजी छापखान्यात शाई कालवायचे. एका संध्याकाळी दाजींनी डबी उघडून अक्काच्या हातावर हंसाचं घड्याळ ठेवलं. अक्का म्हणाली, "एवढं कुठून आणलं?" दाजी म्हणाले, "आणलं कुठून तरी. बारक्याला विचार कसं आहे ते." बारक्या म्हणजे नापासराव. त्यांनी भिंग लावलं आणि पहिल्याच श्वासात चार चुका मोजल्या. हंस कसला, मान आखडलेलं बदक होतं ते. पाचवी मोजताना त्यांनी मान वर केली, तर दाजी कपाच्या काठावरून त्यांच्याकडे बघत होते. नखांत निळी शाई होती आणि कप अजून ओठांना लागला नव्हता.

नापासरावांनी भिंग मिटलं. "पास," ते म्हणाले.

"बघ," दाजी अक्काला म्हणाले, आणि आपल्या वाटणीची बिस्किटं त्यांनी नापासरावांच्या बशीत सरकवली.

त्या घड्याळावर अक्कानं पुढं हजारो नाड्या मोजल्या. दिवसाला चार मिनिटं पुढं पळायचं ते. ती रोज सकाळी चार मिनिटं मागं घ्यायची, कानाला धरून आणावं तशी. दाजींना जाऊन आता सहा वर्षं झाली होती. तेव्हापासून नापासराव रोज सकाळी अक्काकडे कॉफीला जात. कॉफी झाली की अक्का घड्याळ चढवायची, आणि लॉक लावताना 'स्स्' असा बारीक श्वास ओढायची. तिला दाजी आठवले, असं समजून नापासराव खिडकीकडे तोंड फिरवत. मग परत वळून, सवयीनं, चुका मोजत. सहा वर्षं रोज. सतरा होत्या. एकही कधी कमी झाली नाही, एकही वाढली नाही. माणसं माळ ओढतात तशा त्यांनी त्या सतरा चुका ओढल्या.

तर एका रविवारी डॉक्टरांनी पाचच चुकांचं घड्याळ आणलं आणि ते हवेत गेले. "नापासराव, जन्मात कधी कुणाला पास म्हणालात का?"

"एकदा."

"आम्ही नाही बघितलं बुवा."

हे त्यांना झोंबलं. दुसऱ्या शनिवारी ते अक्काला म्हणाले, "दे इकडं, तेल घालून आणतो." अक्कानं सव्वीस वर्षांत प्रथमच घड्याळ दुसऱ्याच्या हातात दिलं.

रविवारी दिव्याखाली कापसावर घड्याळ ठेवलं. नापासरावांच्या मनात होतं की घरच्या माणसाची ओळख करून द्यावी तशी या सतरांची ओळख करून द्यावी. हा बघा आमचा आखडू हंस, हा सात कसा झिंगल्यासारखा उभा आहे. पण भिंग डोळ्याला लागलं आणि चौतीस वर्षांचा आवाज आपोआप बाहेर आला. "एक. मान आखूड. दोन. सात डावीकडे कललेला. तीन. चार आणि पाचच्या मधे काचेखाली धुळीचा कण, स्वल्पविरामासारखा." असा तो आवाज चालला पट्ट्यावरच्या गोळ्यांसारखा. चौदा. पंधरा. गुडघ्यावर टकटक केलं की पाय जसा उडतो, तसा सोळाला डॉक्टरांचा हात हातोडीकडे उडाला. "सतरा," नापासराव म्हणाले, आणि एक घाव लॉकवर, दुसरा तबकडीवर.

नियम म्हणजे नियम. खोलीत कुणाला काही वेगळं वाटलं नाही. फक्त नापासराव भिंग काढायला विसरले होते.

"हे तुमचं होतं ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"अक्काचं."

हातोडी अजून डॉक्टरांच्या हातात होती. त्यांनी ती पाठीमागं लपवली. शिवणाऱ्या बाई हळूच म्हणाल्या, "मग जाऊन सांगा की, फुटलं म्हणून."

"कसं फुटलं म्हणून सांगू? खोटं होतं म्हणून फोडलं? म्हणजे दाजींनी तिला फसवलं, आणि मी पास म्हणून त्यावर शिक्का मारला. दाजी तर आता बोलायलाही नाहीत." त्यांनी चेनच्या शाबूत राहिलेल्या कड्या रुमालात बांधल्या. "घड्याळ परत पाहिजे. हेच."

आता तबकडीवालीची गोष्ट. झेरॉक्सच्या दुकानावर चौथ्या मजल्यावर, उत्तरेच्या खिडकीशी, एक बाई घड्याळांच्या तबकड्या रंगवायची. तिचं काम नापासरावांनी सात-आठ वेळा तपासलं होतं आणि दोनपेक्षा जास्त चुका त्यांना कधी सापडल्या नव्हत्या. तिच्याकडे एक कुंचला होता, त्याला एकच केस, तिच्याच पापणीचा. छातीच्या दोन ठोक्यांच्या मधे जो निवांतपणा असतो तेवढ्यात ती रेघ ओढायची. ती कामाला बसली की खालचं झेरॉक्सचं यंत्र आपणहून कागद अडकवून गप्प बसायचं, असं लोक सांगतात. लोकांचं सोडा, पण यंत्र गप्प बसायचं हे खरं.

"कशाची नक्कल?" तिनं विचारलं.

"हंसाची."

"खऱ्याची ना?"

"नकलीची. सतरा चुकांसकट."

तबकडीवालीनं चष्मा काढला, पुसला, परत लावला. "म्हणजे वाईट करायचं."

"वाईट नाही. तसंच."

पहिली तबकडी आठ दिवसांनी झाली. हंस असा की आता पंख झटकेल. "नापास," नापासराव म्हणाले.

"मान बघा की किती सुरेख आली आहे."

"म्हणून तर."

दुसरी नापास, तिसरी नापास. चौथ्या वेळी ती चिडली. "चाळीस वर्षं हाताला वळण लावलं, आता त्याला वाकडं कसं चालायला सांगू? तुम्हीच सांगा, तुम्ही तर सरळ चालणाऱ्याला पण लंगडा म्हणता."

नापासराव खिडकीशी बसले, डोळे मिटले आणि त्यांनी त्या फुटलेल्या तबकडीचा एकेक आकडा सांगायला घेतला. कुठं रंग दाट, कुठं पातळ, कुठं रेघेचं टोक उचलताना थरथरलं. ती ऐकत गेली. मग मधेच म्हणाली, "थांबा. हा डावखुरा होता."

"कोण?"

"करणारा. सात डावीकडे कललाय, आठची पोटं उलटी भरलीत. आणि अकरा-बारा घाईत केलेत म्हणता ना? भूक लागली असणार. एकपासून सुरुवात करून बारापर्यंत येईतो जेवायची वेळ झाली."

"आणि तीन?" नापासरावांनी डोळे उघडले. "तीन फार सुंदर होता. अख्ख्या घड्याळात एकटा तेवढाच. मला कधी कळलं नाही का ते. मी तर तो चुकांत धरला होता, बाकीच्यांशी जुळत नाही म्हणून."

तिनं बोटानं हवेत तीन काढून बघितला. "तीन काढताना तो खूश होता," ती म्हणाली. "कुणीतरी आलं असेल खोलीत."

नापासरावांची नजर दाराकडे गेली. सहा वर्षं रोज ते ज्याच्याकडे बघत होते तो माणूस जणू नुकताच दाराशी येऊन उभा राहिला होता. डावखुरा, भुकेला, क्षणभर खूश. त्यांनी कारखान्यात लाखो गोळ्या नापास केल्या होत्या, आणि एकाही गोळीमागं कुणी उभं आहे का हे वळून बघितलं नव्हतं.

तबकडीवालीनं कुंचला डाव्या हातात घेतला. सकाळचं खाल्लं नव्हतंच, दुपारचंही खाल्लं नाही. एकपासून सुरुवात केली. तीनपाशी आली तेव्हा थांबून खिडकीबाहेर बघितलं, काय आठवलं ते तिचं तिला ठाऊक, आणि हसून तीन काढला. बाराशी येईतो तिचं पोट गुरगुरत होतं आणि हात घाई करत होता. तबकडी पुरी झाली. नापासरावांनी भिंग लावलं आणि पहिल्यांदाच चुका मोजायच्या आधी नुसता तीन बघितला.

डॉक्टर मधल्या काळात पश्चात्तापानं निम्मे झाले होते. काचेवरचे ओरखडे त्यांनी दातांच्या ड्रिलनं ओढून दिले, नापासराव डोळे मिटून सांगतील तसे: "आता उजवीकडे, आता सोडा, आता नखाएवढं." मास्तरांनी यंत्र दिवसाला बरोबर चार मिनिटं पुढं पळेल असं बसवून दिलं, गाडीला वेग धरायला शिकवणारा माणूस, त्याला ते जमणारच. राहिला धुळीचा कण. स्वल्पविरामासारखा. शिवणाऱ्या बाईंनी पाकिटात आठ प्रकारची धूळ आणून दिली. ग्रंथालयातली धूळ फार मऊ निघाली, पिठाच्या गिरणीतली फार गोल, मास्तरांच्या गाडीच्या सीटखालची भलतीच मोठी; त्यात एक पूर्णविराम सापडला, एक प्रश्नचिन्ह सापडलं, पण स्वल्पविराम नाही. शेवटी नापासराव अक्काच्या घरी दाजींच्या शाईच्या बाटल्यांच्या फळीवर रुमाल फिरवायला लागले.

"आता माझी धूळपण नापास करणार का?" अक्का म्हणाली. "आणि घड्याळ कुठाय? तेल घालतोयस की तेलाची विहीर खणतोयस?"

"होतंय, अक्का."

रुमालात, निळसर धुळीत, स्वल्पविराम सापडला. धूळसुद्धा घरचीच लागते.

शेवटी तबकडीवालीनं जुन्या कड्यांना नवं लॉक जोडायला घेतलं. "लॉकमध्ये काही चूक?"

"लॉकमध्ये काही नाही," नापासराव म्हणाले. "लॉक सरळ होतं. मी सहा वर्षं बघतोय." तिनं लॉक घासून लोण्यासारखं मऊ केलं, कारण जे सरळ करायचं ते तिला सरळच करता यायचं.

चाळिसाव्या दिवशी दिव्याखाली कापसावर ते घड्याळ ठेवलं. डॉक्टरांनी हातोडी आधीच कपाटात कोंडून किल्ली मास्तरांकडे दिली होती. नापासराव वाकले. एक. दोन. स्वल्पविराम. तीनचा आकडा, एकटा, सुंदर. सोळा. सतरा. खोलीत कुणी श्वास घेत नव्हतं. असं म्हणतात की त्या वेळी खाली रस्त्यावरची वाहतूकही थांबली होती, पण ते सिग्नल लाल होता म्हणूनही असेल. जगात एकाच माणसाच्या चुका दोनदा झाल्या असतील तर त्या इथं. नापासराव सरळ उभे राहिले आणि आयुष्यात दुसऱ्यांदा म्हणाले, "पास."

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफी झाल्यावर त्यांनी घड्याळ टेबलावर ठेवलं.

"चाळीस दिवस," अक्का म्हणाली.

"का लागले ते सांगितलं तर तुझा विश्वास बसणार नाही."

"सांग तर."

नापासरावांना खोटं बोलायची सवय नव्हती, त्यामुळं एकदा सुरू झालं की कुठं थांबायचं ते कळत नव्हतं. कारागिरानं झाकण उघडलं आणि तो खुर्चीतच बसला, ते म्हणाले. म्हणाला, असलं घड्याळ मी जन्मात पाहिलं नाही. त्यानं शेजारच्या कारागिराला बोलावलं, त्यानं त्याच्या गुरूला. जिन्यावर रांग लागली. एक जण तर तीनचा आकडा बघून रडला. तेल घालायला कुणी धजेना, प्रत्येक जण म्हणे आधी थोडं बघू दे. शेवटी एका बाईनं घातलं, डाव्या हातानं, उपाशी राहून.

अक्का ऐकत होती. दवाखान्यात पेशंट 'मी गोळ्या वेळेवर घेतो' म्हणायचे तेव्हा ऐकायची तशी. तिनं घड्याळ उचललं, काचेवरून अंगठा फिरवला, हंसाकडे बघितलं, कानाशी धरलं. मान हलवली. मग मनगटावर चढवलं आणि लॉक लावलं.

नापासरावांनी सवयीनं खिडकीकडे तोंड फिरवलं. 'स्स्' ऐकू आलं नाही.

मागं लॉक उघडल्याचा आवाज आला, परत लागल्याचा. परत उघडल्याचा. परत लागल्याचा. ते वळले. अक्का मनगटाच्या आतल्या बाजूला बघत होती. तिथं मसुरीएवढा तांबूस डाग होता, तो नापासरावांना जन्मखूण वाटायचा. तिनं त्यांचा हात ओढून मनगटावर दोन बोटं ठेवली, नव्या घड्याळाकडे बघत मोजू लागली. सेकंदकाटा ठेचकाळत एक पुरा फेरा फिरला.

"एकशे अठरा," ती म्हणाली. "बारक्या, हे माझं घड्याळ नाही."

"असं कसं नाही?" नापासराव उसळले, त्यांच्या कामाला आजवर कुणी नापास केलं नव्हतं. "सतराच्या सतरा चुका आहेत त्यात, मोजून बघ."

अक्कानं त्यांचा हात सोडला नाही. अंगठ्यानं आपल्या मनगटावरचा तो डाग चोळत ती म्हणाली, "अठरा होत्या. माझं लॉक लावताना चावायचं."